एकाच माणसाची मोटार

गेल्या दिवाळींत मी बीडला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं गेलों होतों. फराळाच्या ताटापुढें माझा चौदा वर्षांचा भाचा कागदावर मोटारीचें चित्र काढीत बसला होता. मोटार कसली, एक लांबट होडी, तिच्या अंगाबाहेर काढून ठेवलेलीं चार उघडीं चाकें, पुढें एक पंख, मागें एक पंख आणि मध्यें माणसाचें डोकें मावेल एवढें भोंक. हा मुलगा दोन वर्षें सुट्टीसुट्टींत कोल्हापुरास जाऊन कार्ट नांवाची ठेंगणी गाडी शर्यतीच्या मार्गावर चालवावयास शिकतो आहे. आतां त्याला पुढची पायरी चढावयाची आहे. पंधरा वर्षें पुरीं झालेल्या मुलांसाठीं फॉर्म्युला फोर नांवाची जी शर्यतमालिका आहे, तिच्या गाडींत त्याला बसावयाचें आहे. बहिणीनें चित्र हातांत घेतलें, उलटसुलट पाहिलें आणि मला विचारलें, "दादा, तूं यंत्रांतला माणूस. मला एवढेंच सांग, ह्या गाडींत शेजारीं बसायला दुसरी जागा कां नाहीं? कोणी मोठें माणूस शेजारीं असतें, तर मी नाहीं म्हटलें नसतें."

त्या वेळीं मी जें उत्तर दिलें, तें अगदीं गुळमुळीत होतें. मागाहून माझें मलाच वाईट वाटलें. ह्या विषयांत मी तीस वर्षें घालविलीं आणि ज्या एका माणसास तो समजावून सांगण्याची खरी गरज होती, त्याच्यापुढें माझी जीभ अडखळली. बहिणीच्या प्रश्नाच्या पोटांत दुसराहि एक प्रश्न होता. तो तिनें उच्चारला नाहीं, परंतु तो मला ऐकूं आला. ही गाडी माझ्या मुलाला घरीं परत आणील ना, हा तो प्रश्न. आज दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचा प्रयत्न करतों. ती बीडला रेडिओपाशीं बसली आहे, असें मी धरून चालतों.

शर्यतीची गाडी समजून घेण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्यांतील माणसास दोन प्रकारच्या बैलगाड्या ठाऊक असतात. ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जाणाऱ्या कुटुंबांच्या हातीं जी रबरी चाकांची टायरगाडी असते, ती पहिली. तिच्यांत उसाच्या मोळ्या रचणाऱ्या बाईला यंत्रशास्त्राचा एक मोठा सिद्धांत पुस्तकावांचून येत असतो. मागें भार अधिक झाला, तर गाडी उलाळ होते, जूं वर उचलतें आणि बैलांचे गळे आवळले जातात. पुढें अधिक झाला, तर सारें ओझें बैलांच्या मानेवर येतें. म्हणून ती मोळी रचतांना कण्याकडे पाहून रचते. दुसरी गाडी शंकरपटाची. विदर्भांत आणि मराठवाड्यांत बैलांच्या शर्यतीस शंकरपट म्हणतात. ह्या शर्यती सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर पुन्हां सुरू होऊं दिल्या आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा त्यासंबंधींचा कायदा ग्राह्य ठरविला. त्या शर्यतींविषयीं आपलें मत कांहींहि असो, तेथला छकडा एकदां निरखून पाहण्यासारखा आहे. त्याला माल ठेवावयाची जागा नाहीं, बाजूच्या फळ्या नाहींत, टेकावयास कांहीं नाहीं. कणा, दोन हलकीं चाकें, धुरा आणि एका हांकणाऱ्यापुरता आधार, एवढाच त्याचा संसार. सुतारानें नेहमींची गाडी पुढें घेतली आणि पळण्यास जें लागत नाहीं, तें एकेक काढून टाकलें, असा तो दिसतो. शर्यतीची मोटारहि अशीच जन्मास येते. तिच्यांत काय घातलें, ह्यापेक्षां तिच्यांतून काय काढलें, हें आधीं पाहावें.

आतां दुसऱ्या जागेविषयीं. समजा, माणसासह गाडीचें वजन ६०० किलो आहे आणि डाव्या उजव्या चाकांमधील अंतर दीड मीटर आहे. साठ किलोंचा चालक बरोबर मध्यरेषेवर बसला, तर दोन्ही बाजूंच्या चाकांवर तीनशें तीनशें किलो भार येतो. त्यालाच शेजाऱ्यासाठीं जागा करून मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटर बाजूस सरकविलें आणि ती जागा रिकामी राहिली, तर एका बाजूस ३१६ आणि दुसऱ्या बाजूस २८४ किलो, असा भार वांटला जातो. आपल्या घरच्या मोटारींत हा फरक कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. शर्यतींत मात्र अशी गाडी डाव्या वळणावर एक स्वभाव दाखविते आणि उजव्या वळणावर दुसरा. शेजारी बसविला, तर तोल साधेल. परंतु मग वजन वाढतें आणि गाडी रुंद होते. रुंदी वाढली कीं वाऱ्याचा अडथळा वाढला. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं अडथळा चौपट होतो आणि तो तोडून जाण्यास आठपट शक्ति लागते. म्हणून चालक एकटा, मध्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर जवळजवळ निजलेला, असा बसवितात. त्याच्या खांद्यांच्या रुंदीवर गाडीची रुंदी ठरते. अंगाच्या मापानें सदरा शिवतात, तशी ही माणसाच्या मापानें केलेली मोटार होय.

एवढें बहिणीला पटेल. तिचें पुढचें विचारणें मला आतांच ऐकूं येतें: "मग इंजिन त्याच्या पाठीशीं कां ठेवलें? आपल्या गाडीला तर पुढें असतें." ह्या प्रश्नामागें एक मोठी मनोरंजक हकीकत आहे, आणि ती श्रीमंतांच्या कारखान्यांतील नसून एका गॅरेजमधील आहे.

दुसरें महायुद्ध संपलें, तेव्हां इंग्लंडांत पेट्रोल मोजून मिळत होतें आणि शर्यतीच्या गाड्या विकत घेणें सामान्य तरुणांच्या आटोक्याबाहेर होतें. तेव्हां कांहीं उत्साही मंडळींनीं ५०० घनसेंटिमीटरच्या मोटारसायकलच्या इंजिनावर चालणाऱ्या एकासनी गाड्यांची शर्यत काढली. सरबिटन येथें चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन ह्यांचें गॅरेज होतें. १९४६ सालीं ह्या बापलेकांनीं फियाट कंपनीच्या टोपोलिनो नांवाच्या चिमुकल्या मोटारींचे दोन पुढचे भाग घेतले आणि ते पाठीला पाठ लावून जोडले, म्हणजे चारीं चाकांना स्वतंत्र उसळी मिळाली. इंजिन होतें जे. ए. पी. कंपनीचें, एका सिलिंडरचें. तें पुढें ठेवावें, तर मागच्या चाकांपर्यंत शक्ति नेणारा लांब दांडा हवा; तो चालकाच्या बुडाखालून जाणार, म्हणजे चालकास उंच बसवावें लागणार. मोटारसायकलचें इंजिन तर सांखळीनें चाक फिरविण्यासाठींच जन्मास आलेलें. तेव्हां त्यांनीं तें सरळ चालकाच्या पाठीशीं, मागच्या कण्याजवळ बसविलें आणि सांखळी जोडून दिली. ह्यांत तत्त्वज्ञान नव्हतें, सोय होती. युद्धापूर्वीं जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीनें मागें इंजिन असलेल्या बलाढ्य गाड्या धांवविल्या होत्या. परंतु त्या चालविणें महाकठीण, अशीच त्यांची ख्याति होती.

कूपरच्या ह्या खेळण्यासारख्या गाडीचे गुण मात्र हळूहळू ध्यानांत येऊं लागले. माणूस आणि इंजिन, दोन्हीं जड वस्तु मध्याजवळ आल्यामुळें गाडी वळणावर चटकन् तोंड फिरवी. ह्याची प्रचीति घरीं घेतां येते. एक लांब काठी मध्यावर धरून गरगर फिरवावी. मग तिच्या दोन्हीं टोंकांना एकेक तांब्या बांधून फिरवावी. मग तेच तांबे हाताजवळ बांधून फिरवावी. वजन तेंच, पण मनगटास काय तो फरक कळतो. स्टर्लिंग मॉस ह्यानें १९४८ सालीं अठराव्या वर्षीं अशीच कूपर घेऊन आपल्या कारकीर्दीस आरंभ केला. १९५० सालीं ह्या वर्गास फॉर्म्युला थ्री हें आंतरराष्ट्रीय नांव मिळालें. १९५८ च्या जानेवारींत त्याच मॉसनें अर्जेंटिनांत मागें इंजिन असलेल्या छोट्या कूपरनें मोठमोठ्या गाड्यांना मागें टाकलें, आणि १९५९ व १९६० अशीं दोन वर्षें जॅक ब्रॅबम हा कूपरमधून जगज्जेता झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंजिन पुढें ठेवणारे सारे कारखानदार त्या बापलेकांच्या वाटेनें गेले. मुलांच्या स्वस्त गाडीनें थोरांच्या गाडीस वळण लावलें, असें यंत्रांच्या इतिहासांत क्वचितच घडतें.

आपल्या देशांतहि असाच एक गृहस्थ होऊन गेला. कोइमतूरचे एस. करिवर्धन. शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर शर्यती होत, त्या काळापासून हे गाड्या बांधीत आणि हांकीत आले. परदेशी गाडी मागविण्याची सोय नव्हती आणि ऐपत त्याहून नव्हती. १९८३ च्या अखेरीस मारुती-८०० बाजारांत आली आणि थोड्याच वर्षांत तिचे सुटे भाग गांवोगांव मिळूं लागले. तिचें ७९६ घनसेंटिमीटरचें तीन सिलिंडरांचें इंजिन घेऊन करिवर्धनांनीं एकासनी गाडी बनविली. फॉर्म्युला मारुती हें तिचें नांव. नारायण कार्तिकेयन ह्यानें आपली पहिली शर्यत ह्याच गाडींतून केली, आणि २००५ सालीं तो जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्यें उतरला, तो त्या स्पर्धेंत भाग घेणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन तें पाहावयास राहिले नव्हते. ते १९९५ सालींच निवर्तले. कोइमतूरच्या शर्यतमार्गास आज त्यांचें नांव आहे. आमच्या कोल्हापूरकरांनींहि ह्या छंदास जीव लाविला. तेथें मोहिते घराण्याची रेसिंग अकादमी आहे, आणि तेथलेच कृष्णराज महाडिक २०१८ सालीं ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेंत धांवले. कुस्तीच्या आणि बैलांच्या शर्यतीच्या गांवांत मोटारीचा नाद लागावा, ह्यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

गाडीचा सांगाडा हा तिचा खरा जीव होय. चार कामट्या घेऊन दोऱ्यानें चौकोन बांधावा आणि एक कोपरा दाबावा. तो लगेच कलतो. तिरकी एक कामटी घालून त्याचे दोन त्रिकोण केले कीं तो दाबतां दाबत नाहीं. पोलादी नळ्यांचे असे अनेक त्रिकोण एकमेकांत गुंफून जुन्या गाड्यांचे सांगाडे होत, आणि अशा गाड्या भारतांत अजूनहि धांवतात. महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या गाड्या बांधतात, त्यांतील पुष्कळांचाहि पाया हाच. १९८१ सालीं अमेरिकेंत टेक्सास विद्यापीठांत विद्यार्थ्यांनींच गाडी आंखावी, बांधावी आणि धांवडावी, अशी स्पर्धा सुरू झाली. तिचें भारतीय रूप फॉर्म्युला भारत ह्या नांवानें करि मोटर स्पीडवेवर भरत आलें आहे. मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी विजेवर चालणारी एकासनी गाडी बनवून इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोनपर्यंत घेऊन गेले. ह्या स्पर्धेच्या नियमांत मला एक गोष्ट फार आवडते. पेट्रोलचें इंजिन ७१० घनसेंटिमीटरपर्यंतचें घ्या, पण त्यास लागणारी सारी हवा २० मिलिमीटरच्या एका भोंकांतून गेली पाहिजे. मोठें इंजिन आणून ऐट करणाऱ्यास तें भोंक जागच्या जागीं गप्प करतें. शिवाय गाडी किती वेगानें धांवली, एवढ्यावरच गुण नाहींत. ती अशीच कां आंखली, हें परीक्षकांपुढें उभें राहून सांगावें लागतें, आणि प्रत्येक खिळ्याचा हिशेब द्यावा लागतो. मराठवाड्यांतील ज्या पालकांना शर्यतीचें भय वाटतें, त्यांनीं मुलास निदान ह्या बाजूनें तरी त्यांत शिरूं द्यावें.

परंतु माझ्या भाच्याच्या मनांतली गाडी नळ्यांची नाहीं. फॉर्म्युला फोरची भारतीय मालिका २०२३ सालीं मद्रासच्या शर्यतमार्गावर प्रथम धांवली. तिच्या गाड्या फ्रान्समधील मिगाल कारखान्याच्या, इंजिन रेनॉच्या कुळांतलें १.३ लिटरचें, शक्ति सुमारें १७५ अश्व. गाडीचा मधला भाग, म्हणजे ज्यांत मुलगा निजतो तो, कार्बनच्या तंतूंचा केलेला एक टब आहे. कार्बनचें कापड राळेंत भिजवून, साच्यांत थरावर थर बसवून, दाबाखालीं भट्टींत भाजतात. दोन थरांमध्यें मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी असते. हाताला पुठ्ठ्यासारखा हलका लागणारा हा टब पोलादाच्या नळ्यांहून ताठ असतो. सारीं चाकें, इंजिन आणि गिअर ह्याच टबास जोडलेलीं असतात.

चाकें टबास ज्या दांड्यांनीं जोडतात, त्यांचा आकार बेचकीसारखा असतो. प्रत्येक चाकास वर एक बेचकी आणि खालीं एक. रस्ता उंचसखल झाला, तरी चाक जमिनीवर सपाट टेकलेलें राहावें, हें त्यांचें काम. हें काम क्षुल्लक वाटेल. वस्तुतः सगळी शर्यत त्यांतच आहे. गाडी जमिनीस चिकटते ती चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाण आपल्या तळहाताहून फारसें मोठें नसतें. रबराची एक खोड आहे. त्यावर भार दुप्पट केला, तर त्याची पकड दुप्पट होत नाहीं, थोडी कमी पडते. म्हणून चारीं चाकांवर भार जितका सारखा, तितकी एकूण पकड अधिक. वळणावर मात्र गाडीचा भार बाहेरच्या चाकांकडे झुकतो. आपल्या ६०० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि वळणाचा जोर गाडीच्या वजनाच्या दीडपट आहे, असें धरलें, तर हिशेबानें १८० किलो भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. म्हणजे आंत १२० आणि बाहेर ४८० किलो. गुरुत्वमध्य दुप्पट उंच असता, तर ३६० किलो सरकले असते. आंतल्या चाकांवर मुळीं तेवढा भार नाहींच, तेव्हां गाडी उलटली असती. ऊस भरलेली गाडी वळणावर कां कलंडते आणि शर्यतीची गाडी तिच्या कितीतरी पट वेगानें जाऊनहि कां कलंडत नाहीं, ह्याचें उत्तर ह्या एका गणितांत आहे. भाचा मात्र उंच आहे, ही त्याच्या मतें फार दुःखाची गोष्ट आहे.

पंखांविषयीं थोडक्यांत. विमानाचा पंख उलटा बसविला कीं तो वर उचलण्याऐवजीं खालीं दाबतो. वेग १०० वरून २०० किलोमीटर झाला कीं हा दाब चौपट होतो. त्यामुळें वेगाच्या वळणावर गाडी जणूं जड होते, परंतु तिचें वस्तुमान वाढत नाहीं. इंग्लंडांत १९६७ सालीं निघालेल्या फॉर्म्युला फोर्ड ह्या नवशिक्यांच्या वर्गांत पंखांना मनाई होती, आणि माझें स्वतःचें मत विचाराल, तर आरंभीं तेंच बरें. पंखावांचून चालवितांना मुलास रबराची पकड सुटत असल्याचें पाठीच्या कण्यांत कळूं लागतें. शिवाय पुढच्या गाडीच्या पंखांनीं हवा ढवळून निघते आणि मागच्या गाडीचे पंख त्या ढवळलेल्या हवेंत दुबळे पडतात; म्हणून पंखवाल्या गाड्या एकमेकींस ओलांडण्यास अवघड. पण पुढच्या सर्व वर्गांत पंख आहेत, तेव्हां त्यांची संवय लवकर व्हावी, असा आंखणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. तोहि अगदींच खोटा नाहीं.

सगळ्या मुलांना एकाच कारखान्याची, एकाच मापाची गाडी देण्याची पद्धत बापाच्या पैशास लगाम घालण्यासाठीं आहे. इंजिनें मोहोरबंद असतात. तीं उघडून कोणास करामत करतां येत नाहीं. हलक्या मुलास फायदा होऊं नये, म्हणून चालकासह कमींत कमी वजन ठरविलेलें असतें, आणि मुलगा हलका असेल, तर गाडींत शिशाचे तुकडे बांधून तें पुरें करतात. एवढें करूनहि ज्याच्या घरीं सरावाचे दिवस विकत घेण्यास पैसा आहे, तो पुढें राहतोच. ह्याचा उपाय कोणत्याहि नियमपुस्तकांत मला आढळलेला नाहीं.

आतां न उच्चारलेल्या प्रश्नाकडे येतों. १६ एप्रिल २०१७ रोजीं इंग्लंडांत डॉनिंग्टन पार्क येथें ब्रिटिश फॉर्म्युला फोरची शर्यत चालू होती. बिली मंगर नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पुढच्या गाड्यांच्या मागोमाग येत होता. पुढच्या गाड्या एकाएकीं बाजूस झाल्या आणि वाटेंत एक बंद पडलेली गाडी उभी होती. त्यास ती दिसली, तेव्हां वेळ उरलेला नव्हता. तो तिच्या पाठीवर आदळला. जीव वांचला, पण पायांशीं असलेला भाग आंत दाबला गेला आणि त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. हें मी बहिणीपासून लपवूं शकलों असतों. परंतु ज्या मुलाची आई विचारते, तिला हें सांगितल्यावांचून गाडीचें वर्णन पुरें होत नाहीं.

पायांचा हा प्रश्न जुना आहे. पूर्वीं चालकाचे पाय पुढच्या चाकांच्या कण्याच्याहि पुढें असत. गाडी आदळली कीं पहिला मार पायांना बसे. फॉर्म्युला वनमध्यें १९८८ पासून पाय कण्याच्या मागें असलेच पाहिजेत, असा नियम झाला आणि तो हळूहळू खालपर्यंत उतरला. पुढच्या नाकाचें टोंक मुद्दाम चुरा होण्यासाठीं केलेलें असतें. धक्क्याची सारी शक्ति तें स्वतः चुरून जिरवितें, म्हणजे ती मुलाच्या अंगापर्यंत पोहोंचण्याआधीं पुष्कळशी खर्च होते. शक्तीचा हिशेब पाहा: वेग २०० वरून १०० वर आणला, तर निम्मी नव्हे, तीन चतुर्थांश शक्ति नाहींशी करावी लागते. ब्रेक लावण्यास मिळालेले शेवटचे दोन सेकंद म्हणून इतके मोलाचे. मंगरच्या अपघातानंतर दुसऱ्या पिढीच्या गाड्या आंखतांना, ज्या २०२१ पासून येऊं लागल्या, टबाचा पुढचा भाग आणि बाजू अणकुचीदार वस्तूस आंत शिरूं न देण्याइतक्या बळकट केल्या गेल्या. भारतांत धांवणाऱ्या गाड्या ह्याच पिढीच्या आहेत.

डोक्याचें काय? २००९ च्या जुलैंत ब्रँड्स हॅच येथें हेन्री सर्टीझ हा अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या गाडीचें निखळून आलेलें चाक डोक्यास लागून गेला. त्याचा बाप जॉन सर्टीझ हा मोटारसायकल आणि मोटार, ह्या दोन्हींचा जगज्जेता होता; मुलगा त्याच्याच वाटेनें चालला होता. उघड्या चाकांच्या गाडीचा हा जन्मजात दोष आहे. चाक निखळूं नये, म्हणून तें टबास बळकट दोरांनीं बांधून ठेवतात. आणि फॉर्म्युला वनमध्यें २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोंवतीं हेलो नांवाची धातूची कमान आली. ती तीन ठिकाणीं टबास जोडलेली असते, आणि तिचा एक खांब चालकाच्या डोळ्यांपुढें मध्यभागीं उभा असतो. आरंभीं पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. गाडी विद्रूप झाली, असें म्हणाले. आज कोणी तसें म्हणत नाहीं. भाच्याच्या चित्रांत ही कमान नव्हती. मी ती पेन्सिलीनें काढून दिली, तेव्हां त्यालाहि ती आवडली नाहीं.

आंत बसलेल्या मुलास सहा पट्टे असतात: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून. शिरस्त्राण मानेमागच्या एका पट्टीस बांधलेलें असतें, म्हणजे अंग थांबलें आणि डोकें पुढें गेलें, असें होत नाहीं. बैठक तर त्याच्याच अंगाची. मुलास टबांत बसवून त्याच्या पाठीमागें एक पिशवी ठेवतात आणि तींत दोन द्रव मिसळून ओततात. तें मिश्रण फेंसाळून वर येतें, पाठीच्या, बरगड्यांच्या आकारास बिलगतें आणि तसेंच घट्ट होतें. वाढत्या वयाच्या मुलाला वर्षभरांत ती बैठक पुन्हां ओतावी लागते. दिवाळीचा सदरा जसा पुढच्या दिवाळीस आंखूड होतो, तसेंच.

मी हें सारें सांगत असतां बीड-सोलापूर मार्गावर रात्रीं मोटारसायकली पळविणारीं मुलें माझ्या डोळ्यांपुढें येत होतीं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानें गुन्हा आहे. परंतु कायद्याची गोष्ट सोडा. त्या मुलांना ना टब आहे, ना पट्टा, ना धोक्याचें निशाण दाखविणारा माणूस. बहिणीला मी म्हटलें, "तुझ्या मुलाला वेग हवाच असेल, तर तो त्याला कोठें मिळावा, एवढेंच तुला ठरवायचें आहे." ती म्हणाली, "न मिळाला तर?" ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं.

तिनें होकार अजून दिलेला नाहीं. मात्र एक गोष्ट तिनें आपण होऊन सुरू केली. गाडींत बसण्याची परवानगी मिळण्याआधीं मुलाला पट्टे सोडून, चक्र काढून, कमानीखालून कोणाच्या मदतीवांचून ठरलेल्या सेकंदांत बाहेर यावें लागतें, हें मी सांगितल्यापासून माझ्या मेहुण्यांनीं परसांत एक मोडकी खुर्ची जमिनीवर निजवून तिला बाजेच्या नवारीचे सहा पट्टे शिवून घेतले आहेत. वरून दोरीनें एक वेताची कमान बांधली आहे. संध्याकाळीं दिवेलागणीच्या आधीं मुलगा शिरस्त्राण घालून त्यांत आडवा होतो, आणि बहीण हातांत घड्याळ घेऊन उभी राहते. पहिल्या दिवशीं त्यास एकोणीस सेकंद लागले. परवां तिचें पत्र आलें. आतां नऊ लागतात, आणि मांड्यांमधले दोन पट्टे सुटावयास अजून वेळ घेतात, असें तिनें लिहिलें आहे.